हयात वारस दोन

प्रिय धाकट्या,

पाकिटावरचं अक्षर ओळखून तू हे पत्र दोन दिवस न फोडता ठेवलं असशील. मी असते तर आधी दिव्यासमोर धरून आत काय आहे ते पाहिलं असतं, मग डिंक कुणी आधीच सोडवलाय का ते. सत्तावीस वर्षांनी बहिणीचं पत्र येतं म्हणजे कुठेतरी पाणी मुरतंय, असं तुझ्या मनात आलं तर त्यात तुझी चूक नाही. आपण दोघं एकाच माणसाच्या हाताखाली वाढलो. भाजी घ्यायला जाताना खिशात स्वतःचं अर्ध्या किलोचं वजन घेऊन जाणारा बाप, त्याची मुलं आणखी कशी निघणार. लहानपणी तू मला फौजदारीण म्हणायचास. शाळेतून पाच मिनिटं उशिरा आलास तरी मी दारातच तुझी उलटतपासणी घ्यायची. ती सवय काही सुटली नाही. आता तर दूधवाला मी दार उघडायच्या आत पिशवी ठेवून पळतो.

विषय अण्णांच्या पैशांचा आहे. हो, त्याच पैशांचा. आपल्या काटेदुरुस्तीच्या दुकानात कोपऱ्यातल्या मोडक्या मोठ्या काट्याखाली जी पेटी होती, तिच्यातल्या. दुकानाची खोली मालकाकडून विकत घ्यायची म्हणून अण्णांनी अकरा वर्षं एकच कोट वापरून साठवलेले, आणि ते गेल्यावर आपण कुलूप उघडलं तेव्हा पेटीत नसलेले. त्यावरून मी तुला चोर म्हटलं. शेजारच्या लेथवाल्या काकांनी ऐकलं, आत्याने ऐकलं, मालकाच्या बायकोने तर जिन्यात उभं राहून ऐकलं. आठवड्याच्या आत तू एक बॅग घेऊन गेलास. मी दारात उभी होते, आणि खरं सांगते, तेव्हाही मी तुझ्या तोंडाकडे बघत नव्हते. बॅग किती फुगली आहे ते बघत होते.

चार महिन्यांपूर्वी दुकानात फोन आला. एक बाई फार गोड आवाजात म्हणाली की तुमच्या वडिलांच्या नावे सरकारकडे रक्कम पडून आहे. मी विचारलं, वडिलांचं नाव काय. तिने बरोबर सांगितलं. मग मी विचारलं, त्यांच्या डाव्या हाताचं कुठलं बोट वाकडं होतं. ती गडबडली, मी फोन ठेवला. तिसऱ्या दिवशी तिच्याच कचेरीतला माणूस दुकानात हजर. चकचकीत बूट, बगलेत फाइल. त्याचं म्हणणं असं की वर्षानुवर्षं कुणी न विचारलेल्या ठेवी बँका शेवटी सरकारकडे पाठवतात, त्यांची यादी असते, तो त्यातून वारस शोधून काढतो आणि पैसे मिळवून देतो. मोबदला तीस टक्के, सही इथे करा. मी म्हटलं, आमच्या वडिलांनी बँकेत कधी पाऊल टाकलं नाही. तो म्हणाला, सगळ्यांचे वडील असेच असतात. हे वाक्य मला आवडलं, म्हणून त्याला बसायला स्टूल दिलं. सही दिली नाही. जाताना त्याने हळूच विचारलं, आणखी कुणी भाऊबहीण? असले आणि पत्ता लागत नसला तर कागदावर नाही आणले तरी भागतं, ते मी बघून घेतो. मी म्हटलं, कुणी नाही. तो जिना उतरून गेला आणि मला स्वतःचाच राग आला. एरवी असा प्रश्न आला की मी आधी विचारणाऱ्याला चाचपते. या वेळी आधी खोटं बोलून मोकळी झाले होते.

समोर झेरॉक्सचं दुकान आहे. ते चालवणारी बाई तरुण आहे आणि मला घाबरत नाही. तिने सांगितलं की ती यादी कॉम्प्युटरवर कुणालाही फुकट बघता येते, त्यासाठी बूटवाला लागत नाही. तिने अण्णांचं नाव टाकलं आणि ते निघालं. नाव, आडनाव, आपलीच गल्ली. मी म्हटलं, थांब. अण्णा शिकवायचे ना, माल ठेवण्याआधी काटा रिकामा असताना काय दाखवतो ते बघ. म्हणून मी तिला आधी आत्याचं नाव टाकायला लावलं, मग मालकाचं, मग आपल्या मेलेल्या कुत्र्याचं, आपलं आडनाव लावून. कुणाच्याच नावे काही नाही. मालकाच्या नावे काही निघालं नाही याचा मला थोडा आनंदही झाला. यादी खरी होती. बाईने कुत्र्याचे पैसे घेतले नाहीत.

मग माझं डोकं जिकडे जायचं तिकडेच गेलं, म्हणजे तुझ्याकडे. मला वाटलं, हे तूच ठेवले असशील. घेऊन गेलास, काही वर्षांनी मन खायला लागलं, परत आणून द्यायचं धाडस नाही, म्हणून अण्णांच्या नावे कुठल्याशा बँकेत भरून टाकलेस. दोन दिवस मी या कल्पनेवर खूश होते. चहा पिताना, काट्याला तेल देताना मी ती परत परत तपासत होते आणि ती सगळीकडून चपखल बसत होती. मनातल्या मनात मी तुला निम्मं माफसुद्धा करून टाकलं. पैसे सापडले तरी चोर तूच राहशील, अशी सोय मी करून ठेवली होती. मेलेल्या माणसाच्या नावे खातं उघडता येतं का, हा साधा प्रश्न मला सुचला नाही. मला, फौजदारणीला.

सरकारी कचेरी तिसऱ्या मजल्यावर आहे आणि लिफ्टवर बंदची पाटी इतकी जुनी आहे की तिचाही रंग उडालाय. खिडकीतला कारकून माझ्यापेक्षा वरचढ निघाला. मी अण्णांचीच मुलगी कशावरून, असं त्याने विचारलं. मृत्यूचा दाखला दिला, तर हा तोच मनुष्य कशावरून. दुकानाचा परवाना दिला, तर त्यावरचा दुकान नंबर आणि ठेवीवरचा नंबर वेगळा कसा. वेगळा होता खरा, आणि का ते मलाही सांगता येईना. अशा पाच फेऱ्या झाल्या. दर वेळी तो कागद उलटून मागची बाजू बघायचा, अगदी मी बघते तसा. आयुष्यात पहिल्यांदा मी खिडकीच्या त्या बाजूला उभी होते, जिथे आपण खरं बोलतोय हे आपल्याला माहीत असतं आणि दाखवायला हातात काही नसतं. पाचव्या फेरीला मी चिडून म्हटलं की मी खोटं बोलत नाही. तो शांतपणे म्हणाला, बाई, सगळे असंच म्हणतात. तू त्या दिवशी एवढंच म्हणाला होतास की मी घेतले नाहीत, आणि मी तुला याच शब्दांत उत्तर दिलं होतं.

सहाव्या फेरीला त्याने बँकेतून मागवलेली अर्जाची नक्कल पुढे सरकवली. सही अण्णांची. ते सहीखाली तराजूच्या दांडीसारखी आडवी रेघ मारायचे आणि दोन्ही टोकांना एकेक टिंब द्यायचे, तीही होती. ती सही तू काढू शकला नसतास, मीही नाही. शाळेच्या प्रगतिपुस्तकावर आपण दोघांनी किती प्रयत्न केले होते. शेजारी तारीख होती. अण्णा आजारी पडले त्याच्या अकरा दिवस आधीची.

मी तिथल्या बाकावर जाऊन बसले. तारीख बघता बघता मला सुतार आठवला. कोपऱ्यातल्या जमिनीच्या फळ्या वाळवीने खाल्ल्या होत्या, मालकाने सुतार पाठवला होता, आणि फळ्या बदलायला मोठा काटा हलवावा लागणार होता. सुतार मालकाचा, म्हणजे अण्णांच्या लेखी तो आधीच अर्धा चोर. तो यायच्या आदल्या दिवशी दुपारी अण्णा दोन तास दुकान बंद ठेवून कुठेतरी गेले होते. मला वाटलं, दात दाखवायला. ते बँकेत गेले होते. पैसे एका वर्षाच्या ठेवीत टाकले, दरवर्षी आपोआप पुढे चालू राहतील असे. फळ्या बसल्यावर काटा जागेवर आला, त्याच्यावर ‘दुरुस्तीसाठी’ ही पंधरा वर्षांची चिठ्ठी पुन्हा लागली, आणि अण्णांनी रिकाम्या पेटीला कुलूप घातलं. का ते तुला सांगायला नको. पैसे हलवलेत याचा कुणाला सुगावा लागू नये म्हणून.

अर्जावर पत्ता दिला होता शेजारच्या सायकल दुकानाचा. आपल्या जिन्यातली टपालपेटी मालक उघडून बघतो अशी त्यांची खात्री होती, आठवतं? त्यांचं मासिकसुद्धा सायकलवाल्याकडे यायचं. बँकेची पत्रं तिकडे गेली, सायकलवाल्याने दोन वर्षांत गाशा गुंडाळला, पुढची पत्रं परत गेली, आणि बँकेने पुष्कळ वर्षं वाट बघून रक्कम सरकारकडे पाठवून दिली. आपल्या पश्चात पैसे कुणाला द्यायचे त्या जागी त्यांनी कुणाचंच नाव लिहिलं नव्हतं. तिथेही हात राखलाच. बँकेची पावती मला अजून सापडलेली नाही. आपल्याला सांगायचं त्यांच्या मनात नक्की असणार. पण अण्णा कुठलीही गोष्ट योग्य वेळ बघून सांगायचे, आणि त्या अकराव्या दिवशी त्यांची वाचाच गेली. पुढचे पाच दिवस ते नुसते आपल्या दोघांकडे आळीपाळीने बघत होते. मी समजत होते की दुखतंय.

रक्कम किती ते सोबतच्या कागदावर आहे. तेव्हा तेवढ्यात खोली आली असती. आता व्याजासकट खोलीचा जिना येईल. मी अजून भाडेकरूच आहे, मालक गेला, त्याचा मुलगा दर वर्षी खोली रिकामी करा म्हणतो आणि मी दर वर्षी त्याला भाड्याची पावती दाखवते. काम कमी झालंय. आता सगळीकडे आकडे दाखवणारे काटे. ते बिघडले की लोक फेकून देतात. तरी सोनाराचे, औषधवाल्याचे तराजू येतात, माझं भागतं.

अर्जात एक रकाना आहे, हयात वारस. बूटवाल्याला उत्तर दिलं तेव्हा मी विचार केला नव्हता. इथे मात्र पेन हातात धरून मी बराच वेळ विचार केला, हे तुझ्यापासून लपवत नाही. एक लिहिलं असतं तर कारकुनाने कदाचित मान्यही केलं असतं. मी दोन लिहिलं. त्याने लगेच दुसऱ्याचा पत्ता विचारला आणि मला खाली मान घालून सांगावं लागलं की सख्ख्या भावाचा पत्ता माझ्याकडे नाही.

तो लेथवाल्या काकांकडे होता. सत्तावीस वर्षं हा माणूस माझ्या भिंतीला भिंत लावून बसला आणि मूग गिळून राहिला. आता ते ऐंशीच्या पुढे आहेत, लेथ विकला, घरीच असतात. त्यांनी आधी माझीच चौकशी लावली: पत्ता कशाला पाहिजे, पुन्हा पोराकडे काही मागणार असशील तर मी देणार नाही. मी तारखेचा कागद त्यांच्या हातात दिला. त्यांनी तो तीनदा वाचला आणि चष्मा काढून पुसला. मग सगळं सांगितलं. तू हमरस्त्यावर ट्रकांचा वजनकाटा चालवतोस, तुझी मुलगी कॉलेजात आहे, तुझा गुडघा धरतो. तू माझ्याबद्दल कधी वाकडा शब्द काढला नाहीस, असंही म्हणाले. मला त्याचाही संशय आला, काका माझं मन राखताहेत की काय. मग ते म्हणाले, तो काट्यांच्या कंपनीत लागला असता तर आज मोठा साहेब असता. परीक्षेत पहिला आला होता. नेमणुकीचं पत्र काकांच्या पत्त्यावर मागवून गेला होता, तीन महिने दर शनिवारी फोन करून विचारायचा, आलं का. का आलं नाही ते देवालाच माहीत. मी पाण्याचा पेला तसाच खाली ठेवला आणि उठले.

दुकानात येऊन मी अण्णांचा दांडीचा तराजू खाली काढला. काम नव्हतं, उगाच. काट्यात खोट आहे का ते कसं ओळखायचं, हे तुला मी काय सांगणार. एकदा तोलायचं, मग इकडचं तिकडे आणि तिकडचं इकडे ठेवून पुन्हा तोलायचं. दांडी दोन्ही वेळा सरळ राहिली तर काटा खरा. वजनमापवाल्यांचा शिक्का असो नसो, पारडी बदलून बघितल्याशिवाय अण्णा काटा गिऱ्हाइकाला देत नसत. मीही देत नाही. तुझ्या बाबतीत मी एकदाच तोललं. पेटीची किल्ली तुझ्याकडे, पेटी रिकामी, निकाल लागला. पण अण्णांची सोडून किल्ल्या दोन होत्या, धाकट्या. दुसरी माझ्या पर्समध्ये होती, आणि तुला ते माहीत होतं, कारण तुझी हरवली तेव्हा तू महिनाभर माझीच वापरत होतास. चारचौघांसमोर मी तुला खिसे उलटे करायला लावले तेव्हा तू एवढंच म्हणायचं होतंस की दुसरी किल्ली ताईकडे आहे. सगळ्या माना माझ्याकडे वळल्या असत्या. तू म्हणाला नाहीस. तुला माझा संशय आलाच नाही, की आला आणि तू गिळलास? मला खरंच जाणून घ्यायचं आहे. उत्तर काही का असेना, मी ऐकून घेईन.

आता तू म्हणशील, एका सहीसाठी हिने एवढं पुराण लावलं. पैसे सुटायला दोन्ही वारसांच्या सह्या लागतात, हे खरं. म्हणून मी आधीच कचेरीत साहेबांसमोर माझा वाटा सोडल्याचं लिहून दिलं आहे. कारकून म्हणाला, बाई, पुन्हा विचार करा. तेवढ्यापुरता मला तो माणूस बरा वाटला. नक्कल सोबत आहे. खरी आहे का ते कचेरीत फोन करून विचार, आणि नंबर माझ्याकडून घेऊ नकोस, स्वतः शोध. तुझी सही झाली की पैसे तुला एकट्याला मिळतील, नाही केलीस तर तिथेच पडून राहतील. माझं त्यात काही उरलेलं नाही. हा माझा मोठेपणा समजू नकोस. पुढचं वाचल्यावर तू तसा समजणारही नाहीस.

तू गेल्यावर दहा दिवसांनी त्या काट्यांच्या कंपनीला एक पत्र गेलं. या मुलाच्या हाती रोकड किंवा किल्ल्या देऊ नयेत, याने स्वतःच्या बापाची पेटी साफ केली आहे, असं त्यात होतं. ते मी लिहिलं. अक्षर ओळखू येऊ नये म्हणून डाव्या हाताने लिहिलं, आणि टाकायला चार गल्ल्या पलीकडच्या पोस्टात गेले. तू दर शनिवारी फोन करून ज्या नेमणुकीची चौकशी करत होतास ती माझ्या या पत्रामुळे येणारच नव्हती, आणि इतकी वर्षं मला वाटत होतं की मी योग्य तेच केलं. परवा कंपनीला मी खरं काय ते लिहून दुसरं पत्र पाठवलं. तेव्हाचं तिथे कुणी उरलं नसेल, तरी पाठवलं. आत्या आता नाही. मालकाची बायको आहे, तिला त्याच जिन्यात उभं करून सगळं सांगितलं. तुझी माफी मागायला मला तोंड नाही, तरी मागते. त्या पत्राखाली मी नाव घातलं नव्हतं, ‘एक हितचिंतक’ एवढंच लिहिलं होतं. हे उजव्या हाताने लिहिलंय, आणि खाली माझं नाव घालते.

तुझीच,
ताई